परवा येतो

मेधानं ते वाक्य वाचलं आणि लोक हसले. फार मोठ्यानं नाही, साहित्य महोत्सवाला येणारी माणसं हसतात तेवढंच. पण उजवीकडच्या खुर्च्यांवरून निघालेलं ते हसू सरकत सरकत विक्रमपर्यंत येऊन पोचलं तेव्हा त्याची मांडीवरची मूठ आपोआप आवळली गेली. वाक्य असं होतं: 'परवा येतो म्हणून गेलेला मुलगा महिन्याभरानं उगवला आणि दारात उभा राहून हसत म्हणाला, बोललो होतो ना परवा येतो म्हणून, आलो की.' मेधा व्यासपीठावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, पुस्तक जरा लांब धरून वाचत होती आणि हसू ओसरेपर्यंत थांबली होती. असं थांबायचं असतं हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तो मुलगा म्हणजे विक्रम, तिचा नवरा. दार विद्यानगरचं, तिच्या वडिलांच्या भाड्याच्या घराचं. ही गोष्ट तिनं लिहिली आहे, छापली आहे आणि आज चारचौघांत वाचणार आहे, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शेजारी दिलीप बसले होते, त्यांच्याच इमारतीत राहणारे, पुण्याहून मुलाच्या नोकरीपायी इकडे आलेले सद्गृहस्थ. त्यांनी कोपरानं हलकेच ढोसलं आणि कुजबुजून विचारलं, "विक्रमराव, हे तुम्हीच की काय?" विक्रम इंग्रजीत "मे बी, मे बी," म्हणाला आणि समोर बघत राहिला.

खरं तर त्याला माहीत असायला हवं होतं. पुस्तक दिवाळीपासून घरात होतं. मेधानं पहिली प्रत त्याच्या हातात ठेवली तेव्हा तो म्हणाला होता, "मस्त झालंय. परवा वाचतो," आणि ती हसत हसत स्वयंपाकघरात गेली होती. का हसली ते त्याला आत्ता कळत होतं. त्यानं वाचायचा प्रयत्न केला नव्हता असंही नाही. तो शिकला इंग्रजीत, दुसरी भाषा तेलुगू, आणि मराठी नुसती कानातून जिभेवर आलेली. अक्षरं ओळखीची होती, पण जोडाक्षर दिसलं की खड्ड्याजवळ गाडी हळू करावी तसा तो थबकायचा. दुपारी दुकानातून जेवायला आला की मेधा जरा आडवी झाल्याचं बघून तो पुस्तक उघडायचा, ओळीखाली बोट ठेवून ओठ हलवत वाचायचा, आणि तिची चाहूल लागली की वर्तमानपत्र पुढे ओढायचा. साठी उलटलेल्या माणसानं बायकोचं पुस्तक असं चोरून वाचावं हे काही शोभणारं नव्हतं. अशा रीतीनं तो दुसऱ्या गोष्टीच्या मध्यापर्यंत येऊन पोचला होता, आणि ही गोष्ट नेमकी शेवटची निघाली.

जानेवारीतली संध्याकाळ होती. मैदानाच्या कडेला मोठमोठे खडक तसेच ठेवले होते आणि त्यांच्यावर पिवळे दिवे सोडले होते. मोठा मंच गाण्याचा, तो पलीकडे. पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या अंगाला, कापडी छताखाली, एक छोटा मंच लेखकांच्या गप्पांसाठी होता. सगळ्या महोत्सवात मराठीला मिळालेली ती एकच वेळ, संध्याकाळची, गाण्याच्या जरा आधीची, म्हणजे गाण्यासाठी लवकर आलेले लोक बसायला जागा शोधत तिथंच येऊन टेकावेत अशी. मेधाशी बोलायला स्नेहा नावाची मुलगी होती, पुण्याची, इथं एका सॉफ्टवेअर कंपनीत. पुस्तकात रंगीत चिठ्ठ्या लावून, चार-चारदा वाचून आलेली गुणी मुलगी. तिनं माइक जवळ ओढला. "ताई, हा परवा म्हणजे पुस्तकातला सगळ्यात गोड विनोद आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही तो जपून ठेवलात." मेधा नुसती हसली. हौ म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. विक्रमला वाटलं, निदान विनोद नाही एवढं तरी तिनं म्हणायला हवं होतं.

कारण त्याच्या घरात परवा हा विनोद कधीच नव्हता. त्याचे वडील प्रतापराव भालकीकडची शेती भावांवर सोपवून नारायणगुड्याला आले आणि त्यांनी मोटारपंपांचं दुकान टाकलं, तेव्हापासून घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि मधल्या रस्त्यावर दखनी उर्दू अशी वाटणी झालेली होती, आणि वाटणी कधी नीट होत नाही तशी तीही झाली नव्हती. रस्त्यावरचा परसों घरात येऊन परवा झाला होता. परसों म्हणजे काय हे या शहरात कुणी कुणाला सांगत नाही. गेल्या आठवड्यातलं लग्न परसों झालेलं असतं, वीस वर्षांपूर्वीचा पूर परसों आलेला असतो आणि उधार नेलेली शिडी परसों परत येणार असते. कुणी रागावत नाही, कारण ती येते. परवा येतो म्हणजे येणार हे नक्की, आता दिवसाचं कशाला काढायचं, असा त्या घरातला अर्थ. विक्रमची माय, गंगूबाई, गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि अजूनही तो दुकानात कुणाला सांगताना म्हणतो, परवा आमची माय गेली. त्याला ते तसंच वाटतं.

मेधाच्या घरात मात्र परवा म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. तिचे वडील प्रयोगशाळेत नोकरीला, वेळेचे पक्के, पुण्याहून बदली होऊन आलेले. बघण्याचा कार्यक्रम झाला, विक्रमला मुलगी आवडली, इतकी आवडली की जिना उतरताना चप्पल उलटी घातली गेली, आणि वर कठड्याशी ती उभी आहे असं बघून तो थांबला आणि म्हणाला, "परवा येतो." त्याच्या लेखी लग्न तिथंच ठरलं होतं. त्यानं घरी जाऊन मायला सांगितलं, मायनं गूळ वाटला. मग उन्हाळा तोंडावर आला, गावोगावी विहिरींवर मोटारी बसवायच्या होत्या, तो मेहबूबनगरकडे गेला, तिथून नलगोंड्याकडे, आणि जिथं जाईल तिथं खुशीत राहिला. इकडे विद्यानगरला तिसऱ्या दिवशी मेधानं ठेवणीतली साडी नेसली. तिच्या आईनं साबुदाणा भिजवला. संध्याकाळी त्याचे वडे तळून घरच्यांनीच खाल्ले. हे सगळं विक्रमला लग्नानंतर कळलं, हसत हसत सांगितलेलं, पण मेधा आत्ता वाचत होती त्यात साबुदाण्याच्या पुढचंही होतं. ती मुलगी रोज संध्याकाळी कठड्याशी जाऊन उभी राहते. वडील पुण्याला दुसऱ्या स्थळाकडे विचारणा करतात. आणि ती मुलगी स्वतःशी म्हणते, 'नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल उलटी का होती?' इथं लोक हसले नाहीत. विक्रमला वाटलं त्यांनी हसावं, म्हणजे त्याला श्वास घेता येईल.

त्याला जे खरं टोचत होतं ते चप्पल नव्हे आणि तो महिनाही नव्हे. काही वर्षांपूर्वी, ते नव्या इमारतीत राहायला आले तेव्हा, खाली गणपतीच्या तयारीची बैठक होती. आयटीतली तरुण जोडपी, दिलीपांसारखी वडीलधारी, सगळी पुण्यामुंबईची. कुणीतरी विचारलं मांडवाचं बघाल का, आणि विक्रम मोकळेपणानं बोलला, "हौ, बघतो की, कायको फिकर करू लालाव." काळजी कशाला करता, एवढंच त्याचं म्हणणं. मग एक मुलगी इतक्या प्रेमानं म्हणाली, "अय्या काका, किती गोड बोलता तुम्ही." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी वाईट हेतूनं म्हणालं नव्हतं, आणि तेच अवघड होतं, कारण त्यामुळे रागावता येईना. लहान मूल बोबडं बोललं की मोठी माणसं अशीच विरघळतात. त्या दिवसापासून विक्रम त्या लोकांत मराठी बोलला नाही. इंग्रजी, नाहीतर हिंदी. त्यानं ठरवून केलं असंही नाही, जीभ आपली आपण वळायला लागली. दिलीपांना तर वाटायचं विक्रमरावांना मराठी फारशी येतच नाही. त्याची मराठी तेवढी घरात उरली, मेधाजवळ, जेवताना, झोपताना, औषधाच्या गोळ्या विचारताना. मायनं त्याला दिलेलं बोलणं आता पृथ्वीवर एकाच माणसाशी बोलता येत होतं, आणि त्या माणसानं ते उचलून बाहेर आणलं होतं, खुर्च्या मांडून, दिवे सोडून. चांगली बाई, उभ्या जन्मात त्याच्याशी वाकडं न वागलेली, पण ऐकता ऐकता ती आपल्याला इतकी वर्षं गोडच समजत आली की काय, अशी शंका त्याला आली आणि ती काही केल्या जाईना. तसं असेल तर मग घरीसुद्धा बोलायचं कसं.

तो उठला. दिलीपांना हातानंच चहाची खूण केली आणि खुर्च्यांच्या रांगेतून गुडघे चुकवत बाहेर पडला. मेधा पानावर होती, तिला दिसलं नसावं. पुस्तकांच्या दुकानांमधून तो पलीकडे आला तर मोठ्या मंचावर ढोलकवाल्या बायका येऊन बसल्या होत्या. सात-आठ जणी, मध्यमवयीन, दुपट्टे कानामागे खोचलेले, आणि त्यातली एक ढोलक मांडीखाली दाबून थापा मारून बघत होती. धन्, थोडं थांबून पुन्हा धन्. कुणीतरी खाली वाकून तारा जोडत होतं. नारायणगुड्याच्या जुन्या घरामागे लग्न असलं की अशाच बायका हळदीच्या रात्री जमायच्या, विहिणींना यथेच्छ चिडवणारी गाणी म्हणायच्या, आणि माय भिंतीशी बसून, अर्धं समजत अर्धं न समजत, पोट धरधरून हसायची. त्या गाण्यात चिडवायचे ते जवळच्यांनाच. ज्याचं नाव गाण्यात आलं नाही तो रुसून बसायचा. हे आठवलं आणि विक्रमचा राग जरासा सैल झाला, पण पुरता गेला नाही. विहिणीला चिडवायला विहीण समोर असते आणि तिला उलटून गाता येतं, असं त्यानं स्वतःला बजावलं. चहाच्या ठेल्याशी गर्दी होती. त्यानं चहा घेतलाच नाही. खडकाला टेकून उभा राहिला, थंडी वाजली तसे हात बगलेत धरले, आणि आता घरी गेल्यावर आधी काय बोलायचं आणि कुठल्या भाषेत, याचा विचार करू लागला.

छोट्या मंचाचा एक कर्णा इकडेही बांधलेला होता. त्यातून स्नेहाचा आवाज आला, आदबशीर, थोडा लाजलेला. "ताई, एक शंका विचारू? रागावू नका. तो मुलगा महिन्याभरानं येतो, ती दार उघडते, आणि पहिलं वाक्य बोलते. मी वाचून दाखवते." पान उलटल्याची खरखर कर्ण्यातून ऐकू आली. "'वाट बघू बघू मी इथं परेशान, आन तुम्ही आरामशीर येऊ लालाव.'" लोक हसायला लागले होतेच. "ही मुलगी पुण्याहून नुकतीच आलीय ना? तिला इथल्या बोलीचा वारासुद्धा लागलेला नाही. ती अशी बोलेल?" आता मात्र हसू फुटलं, मघापेक्षा कितीतरी मोठं, आणि विक्रमच्या उशिरानं लक्षात आलं की ते त्याच्यावर नाही. ते मेधावर होतं.

"असं लिहिलंय मी?" मेधा म्हणाली. कर्ण्यातून तिचा आवाज उघडा पडल्यासारखा वाटत होता. "बघू. खरंच की. हे कसं झालं? आमच्या प्रकाशकांनीही काही विचारलं नाही, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय." स्नेहा समजुतीनं म्हणाली, "मग त्या दिवशी खरं काय म्हणाला होतात तुम्ही?" आणि मेधा म्हणाली, "ते तर... थांब हं. काय बरं म्हणाले होते मी." मग कर्ण्यातून काहीच येईना, नुसती माइकची गुंई आणि कुणाचं तरी खोकणं. विक्रम खडकापासून सुटा झाला. त्याला वाटलं आता आठवेल, आता बोलेल. "आठवंना बघा," मेधा म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले, कारण आठवंना हेसुद्धा पुण्याचं नव्हतं. तिला ते कळलं नसावं. ती मनापासून शोधत होती, आणि विक्रमला दिसत नव्हतं तरी दिसलं की तिनं अंगठ्यानं करंगळीचं नख घासायला घेतलं असणार, घाबरली की ती तसं करते.

तो चालायला लागला. चालता चालता त्याच्या ध्यानात येत गेलं ते असं की लग्न होऊन आली तेव्हाची मेधा आणि आत्ताची मेधा यांच्या मधल्या कुठल्यातरी दिवशी हे घडलं होतं आणि दोघांनीही बघितलं नव्हतं. ती आली तेव्हा तिचं बोलणं इस्त्रीच्या कपड्यासारखं होतं. ती 'मला पाहिजे आहे' म्हणायची आणि माय तिच्याकडे कौतुकानं बघत बसायची. मग मायबरोबर भाजी निवडताना, गच्चीवर मिरच्या वाळवताना, त्यांची मुलगी तापानं फणफणली असताना, मायच्या शेवटच्या आजारात रात्री जागताना, एकेक शब्द इकडचा तिकडे झाला. विक्रम समजत होता की पुण्याची ती भाषा तिनं नीट घडी घालून ठेवली आहे आणि बाहेर जाताना ती काढते. काढायचीही, चार ओळी, महोत्सवापुरती, छापण्यापुरती. पण स्वतःच्या कुवारपणाकडे वळून बघायची वेळ आली तेव्हा तिनं त्या मुलीच्या तोंडात विक्रमच्या मायचं बोलणं घातलं होतं. चुकून घातलं होतं, तिला कळलंसुद्धा नव्हतं. जी भाषा गोड वाटते ती माणूस जपून, ओळखून, अवतरणात घालून लिहितो. हे तसं नव्हतं. हे नुसतं तिच्या तोंडून निघालं होतं.

तो मंचाच्या बाजूला, कापडी पडद्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. तिथं उजेड येत नव्हता. मेधा नखच घासत होती. ती खुर्च्यांकडे बघत होती, तिसऱ्या रांगेत, जिथं तो होता, आणि तिथं दिलीपांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या रिकाम्या खुर्चीवर तिची नजर गेली, हलली, पुन्हा तिथंच गेली. गाडीत सोबत बसलेलं माणूस स्टेशनवर उतरून अजून कसं आलं नाही, अशी ती नजर होती. विक्रमला एवढं वाईट गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. स्नेहा सावरून घेत म्हणाली, "असू दे ताई, पुढच्या प्रश्नाकडे जाऊ या," आणि मेधानं मान हलवली, पण ती अजून शोधत होती, आणि आता ती वाक्य शोधत नसून आणखी काहीतरी शोधते आहे असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आपण कोण होतो ते विसरलेल्या माणसासारखं.

"चेंगट," विक्रम म्हणाला.

त्याला वाटलं तो मनात म्हणाला. पण पहिल्या दोन रांगांनी माना वळवल्या होत्या. पलीकडे ढोलकवर थाप पडली आणि थांबली.

चेंगट. हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विद्यानगरच्या त्या दारात ऐकला होता. तो हसत उभा, हातात नलगोंड्याच्या मोसंब्यांची पिशवी, आणि समोर ती, डोळे भरलेले आणि नाक लाल, त्याला वाटलं सर्दी झाली असेल. ती बोलली आणि त्याला त्यातला तो शब्दच कळला नाही. घरी येऊन त्यानं मायला विचारलं, "माय, चेंगट म्हंजे काय गं?" मायनं विचार केला आणि म्हणाली, "चांगलंच काहीतरी आसंल, पुण्याची पोरगी हाय." मग माय ते सगळ्यांना सांगत सुटली. लग्नात तिनं व्याह्यांना हात जोडून सांगितलं, "तुमच्या लेकीला आमचा विक्रम लई चेंगट वाटला बघा, म्हणून सोयरीक जमली," आणि मेधाचे वडील तिच्याकडे बघतच राहिले. पुढे मेधानं अर्थ सांगितला तेव्हा ती आणि माय एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. पहिली दोन-चार वर्षं ती त्याला उठता बसता चेंगट म्हणायची. मग म्हणेनाशी झाली, सुस्त म्हणू लागली, मायसारखं. पण विक्रमनं तो शब्द दुकानात नेला होता. सुरू व्हायला वेळ लावणाऱ्या मोटारीला तो चेंगट म्हणायचा, त्याचं ऐकून दुकानातली तेलुगू माणसं म्हणायला लागली, आणि आता नारायणगुड्याच्या त्या गल्लीत शेजारचे दोन दुकानदारसुद्धा गिऱ्हाईकाला तेलुगूत समजावतात की ही मोटार चालेल भरपूर, जरा चेंगट आहे इतकंच. शब्द कुणाचा आहे ते तिथं कुणाला ठाऊक नाही. विक्रमला ठाऊक होतं, आणि रोज दुकानात तो शब्द ऐकू आला की त्याला दारातली लाल नाकाची मुलगी दिसायची.

"काका, काय म्हणालात?" स्नेहानं डोळ्यांवर हात धरून अंधारात बघत विचारलं. "माइक देता का त्यांना?"

"माइक नक्को," विक्रम म्हणाला, आणि उजेडात आला. एवढ्या माणसांसमोर आपण मराठीत बोललो आहोत हे त्याला कळलं, आणि आता त्याला काय, असंही वाटलं. मेधानं त्याला बघितलं होतं. तिचं नख घासणं थांबलं होतं. तो तिच्याकडेच बघून बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज आपोआप बदलला, हेल पुण्याचा झाला, स स्वच्छ झाला, ण ठसठशीत झाला, कारण त्याच्याजवळ ते वाक्य तसंच होतं, एक कानाही न हलवलेलं. "'फारच चेंगट आहात हो तुम्ही. येणार नव्हतात तर निदान तसं कळवायचं तरी होतंत. माणसानं कठड्याशी उभं राहायचं तरी किती दिवस?' असं बोलली होती ती. मंग रडली. मंग मोसंबी घेतली."

लोक हसले, टाळ्या पडल्या, दिलीप उभेच राहिले. विक्रम लाजला, पण हलला नाही. मेधा तोंडावर हात धरून बसली होती. तिचे डोळे भरले होते आणि नाक लाल होत चाललं होतं, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तिला तिची बावीस वर्षांची असतानाची हाक दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली असावी. "हौ," ती शेवटी म्हणाली. "हेच. हेच म्हणले होते मी."

स्नेहाला इतका आनंद झाला की ती खुर्चीत पुढे सरकली. "ताई, किती सुंदर वाक्य आहे. आपण लगेच प्रकाशकांना कळवू. दुसऱ्या आवृत्तीत तिच्या तोंडी हेच घालू या. काका, पुन्हा एकदा सांगता? मी लिहून घेते."

विक्रम सांगणार होता. त्यानं तोंड उघडलंही. पलीकडच्या मंचावर आता सगळ्याजणी एकदम सुरात लागल्या होत्या, ढोलक चालू झाला होता, मागच्या रांगांतली माणसं गाण्याकडे जायला उठत होती. मेधानं माइक दोन्ही हातांनी धरला, तोंडाच्या फार जवळ, त्यामुळे तिचा श्वासही ऐकू आला.

"नक्को गं," ती म्हणाली. "लिहू नक्को. गोष्टीत आहे तेच राहू दे, चुकीचं. पुस्तकभर मी त्यांचं बोलणं दिलंय सगळ्यांना. माझं एवढं एक त्यांच्यापाशी राहू दे."